एका कान्याचे चार हजार रुपये

दुकानाचा स्टॉक पायथनमध्ये ठेवायला शिकताय ना? मग आज जे सांगतोय ते नीट वाचा, कारण यात माझे स्वतःचे पैसे गेलेत.

माझं चाकणला नट-बोल्टचं दुकान. एका बोल्टचा दर १२ वरून १४ रुपये झाला. प्रोग्रॅममध्ये लिहायचं होतं: बोल्ट.दर = नवा_दर. घाईत लिहिलं: बोल्ट.दार = नवा_दर. (हो, पायथन ३ मध्ये नावं देवनागरीत चालतात.) एरर आली नाही. बिल जुन्याच दराने निघालं. २,००० नग, नगामागे २ रुपये, म्हणजे ४,००० गेले. आणि बिल दिल्यावर पार्टीकडे परत कुठल्या तोंडाने मागणार?

असं का झालं? जावासारखी भाषा म्हणजे छापील बिलबुक. रकाने आधीच ठरलेले, नसलेल्या रकान्यात लिहिलंत तर प्रोग्रॅम कंपाइलच होत नाही. हे स्टॅटिक अ‍ॅट्रिब्यूट. पायथन म्हणजे कोरी वही. तुम्ही ‘दार’ लिहिलं की तो ‘दार’ नावाचा नवा रकाना आखतो आणि ‘दर’ जुनाच राहतो. हे डायनॅमिक अ‍ॅट्रिब्यूट. सोय मोठी, पण चूक गुपचूप पचते.

मग करायचं काय?

पहिलं, रकाने बांधून टाका. क्लासमध्ये ‘स्लॉट्स’ची यादी द्या (नावाच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन अंडरस्कोर). डेटाक्लास वापरत असाल तर पायथन ३.१० पासून स्लॉट्स तिथेच चालू करता येतात. आता ‘दार’ लिहिलं की लगेच अ‍ॅट्रिब्यूट एरर. त्या क्लासवरून दुसरा क्लास बनवलात तर त्यातही स्लॉट्स लिहा, नाहीतर कोरी पानं परत जोडली जातात.

दुसरं, आकडा तपासा. स्लॉट्स फक्त नाव बघतो, किंमत नाही. कीबोर्डवरून घेतलेला १४ हा पायथनसाठी मजकूर असतो. त्याला ३ ने गुणलं तर ४२ नाही, १४१४१४ येतं! म्हणून दर बदलायचं काम एकाच फंक्शनमधून करा. तिथे बघा: आकडाच आहे ना? शून्यापेक्षा जास्त आहे ना? नसेल तर प्रोग्रॅम तिथेच थांबवा.

थांबलेला प्रोग्रॅम पाच मिनिटं खातो. चुकीचं बिल नफा खातं. आज दुकान बंद करण्याआधी आपल्या प्रोग्रॅममध्ये मुद्दाम एक चुकीचं नाव टाकून बघा. तो ओरडला नाही, तर कुलूप अजून लागलेलं नाही!