डोक्यावरचा करंट आणि स्मरणशक्ती

‘मेंदूला करंट देऊन मुलाची स्मरणशक्ती वाढते का हो?’ शहापूर-मुरबाड भागातले पालक आता हा प्रश्न विचारू लागले आहेत. भात विकून क्लासची फी भरणाऱ्या घरात तो केवळ कुतूहलाचा नसतो. उत्तर देण्याआधी हे तंत्र मुळात कशासाठी वापरतात, ते पाहायला हवे.

पाड्याबाहेरची विजेची डीपी घ्या. तिच्यात तारेच्या दोन गुंडाळ्या असतात. एकीतला बदलता प्रवाह, स्पर्श नसतानाही, दुसरीत प्रवाह उभा करतो. फॅरेडेने हे १८३१ मध्ये दाखवले. १९८५ साली इंग्लंडमधल्या शेफिल्ड येथे अँथनी बार्कर आणि सहकाऱ्यांनी दुसऱ्या गुंडाळीच्या जागी माणसाचा मेंदू आणला, असे म्हणायला हरकत नाही. डोक्याजवळच्या गुंडाळीतून क्षणभर जोरदार प्रवाह सोडला, की चुंबकीय क्षेत्र कवटीपलीकडे पोचते आणि पेशींत सूक्ष्म प्रवाह जागा होतो. हात हलवणाऱ्या भागावर ठोका बसला, तर बोट आपोआप उडते. कवटी उघडावी लागत नाही. क्वचित फिट येऊ शकते, म्हणून हे काम जाणकारांच्या देखरेखीखालीच होते.

संशोधकांना याचा खरा उपयोग दिसला तो व्यत्यय आणण्यासाठी. उपकेंद्रातून एक फीडर बंद केला, की त्यावर कोणते पाडे आहेत ते अंधारच सांगतो. स्कॅनमध्ये मेंदूचा एखादा भाग उजळला, एवढ्यावरून काम तोच करतो हे ठरत नाही. त्याला अडवल्यावर काम बिघडले, तर मात्र तसे म्हणता येते. या पद्धतीचा मला सर्वांत विलक्षण वाटणारा प्रयोग १९९७ मधला आहे. लहानपणीच दृष्टी गेलेली माणसे ब्रेल वाचत असताना डोक्याच्या मागच्या बाजूला, म्हणजे एरवी दृष्टी सांभाळणाऱ्या भागावर ठोके दिले, तर त्यांचे वाचन चुकू लागले. डोळसांना उठावाची अक्षरे बोटांनी ओळखायला लावली, तेव्हा तसे झाले नाही. रिकामी पडलेली जमीन मेंदूने स्पर्शाच्या लागवडीखाली आणली होती.

लक्ष देण्याचेही असेच. २००१ च्या एका प्रयोगात उजव्या पार्श्वभागाला काही मिनिटे ठोके देऊन मंदावले. डावीकडच्या खुणा निसटू लागल्या, पण उजवीकडच्या नेहमीपेक्षा चांगल्या टिपल्या गेल्या! दोन बाजूंची रस्सीखेच चालू असते. एकीचा हात सैल झाला की दुसरी ओढून नेते.

आठवणी घडवणारा हिप्पोकॅम्पस मात्र खोल आहे, ठोका तिथवर थेट जात नाही. २०१४ मध्ये नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातल्या संशोधकांनी त्याच्याशी जोडलेल्या वरच्या भागाला सलग पाच दिवस ठोके दिले आणि चेहरा-शब्द जोड्यांची आठवण सुधारली. प्रयोगात माणसे होती १६.

करंट म्हणून लोक जे ऐकतात, ते तंत्र वेगळे. ओल्या स्पंजातून एक-दोन मिलिअँपिअर प्रवाह काही मिनिटे सोडायचा. (डोक्याला खोबरेल थापलेले असेल, तर धड संपर्कही व्हायचा नाही.) गॉटिंगेनच्या निट्शे आणि पॉलुस यांनी २००० साली याचा परिणाम नीट मोजून दाखवला, तोही हालचालीच्या भागावर. स्मरणाच्या बाबतीत मात्र पुरावा डळमळीत आहे. एका बैठकीच्या प्रयोगांचा २०१५ चा एकत्रित आढावा सांगतो की निरोगी माणसांच्या बौद्धिक कामावर भरवशाचा परिणाम दिसत नाही. त्या आढाव्याच्या पद्धतीवरही वाद झाला. ऑक्सफर्डच्या २०१३ च्या प्रयोगात तर एका भागाला करंट दिल्यावर नवी अंकचिन्हे लवकर शिकता आली, पण शिकलेले सहजपणे वापरता येईना. दुसऱ्या भागाला दिल्यावर नेमके उलटे. वाढत्या वयाच्या मेंदूवर असा सौदा घरच्या घरी करून पाहावा, असे मला मुळीच वाटत नाही.

याच भुकेवर ‘मिडब्रेन अ‍ॅक्टिव्हेशन’चे वर्ग चालले. तिथे करंटही नसतो. डोळ्यांवर पट्टी बांधलेले मूल वाचते, एवढाच पुरावा. मध्यमेंदू हा मेंदूच्या देठाचा छोटा भाग आहे आणि तो जिवंत माणसात जागाच असतो. महाराष्ट्रात अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यकर्त्यांनी या दाव्याला जाहीर आव्हान दिले. तपासण्याची रीत साधी आहे: पट्टीखाली नाकाशेजारी राहिलेली फट बुजवायची, आणि मग पुस्तक पुढे धरायचे.