वायुप्रदूषण आणि सामाजिक विषमता

वंश, जात, उत्पन्न किंवा वस्तीचे स्थान यांमुळे काही समाजगटांना इतरांपेक्षा अधिक दूषित हवेत राहावे वा काम करावे लागणे, यास वायुप्रदूषणातील सामाजिक विषमता म्हणतात. हा विषय पर्यावरणीय न्यायाच्या अभ्यासात मोडतो.

पार्श्वभूमी

अमेरिकेत १९८२ मध्ये उत्तर कॅरोलिनातील वॉरेन काउंटीत, कृष्णवर्णीयांच्या वस्तीजवळ विषारी माती पुरण्याविरुद्ध आंदोलन झाले. घातक कचऱ्याची केंद्रे कोठे उभारली जातात याच्याशी वंशाचा संबंध उत्पन्नापेक्षाही घट्ट असल्याचे ‘युनायटेड चर्च ऑफ ख्राइस्ट’च्या १९८७ मधील अहवालाने दाखवले. भारतात प्रामुख्याने जात, जमात आणि भूमिहीनता हे घटक महत्त्वाचे ठरतात. वस्ती कोठे, काम कोणते आणि चुलीत इंधन कोणते, हे बऱ्याच अंशी त्यांवर अवलंबून असते.

माहुल

मुंबईत चेंबूरजवळील माहुल हे मूळचे कोळी समाजाचे गाव असून त्याच्या परिसरात तेलशुद्धीकरण कारखाने व रसायनांच्या साठवण टाक्या आहेत. येथील हवेमुळे रहिवाशांच्या आरोग्यास धोका असल्याचे राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर २०१५ मध्ये मान्य केले. तरीही त्यानंतर तानसा जलवाहिनीलगतच्या झोपड्या हटवून तेथील कुटुंबांना माहुलमध्ये घरे देण्यात आली. रहिवाशांच्या दीर्घ लढ्यानंतर मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१९ मध्ये आणखी कुटुंबांना तेथे पाठवण्यास मनाई केली आणि पर्यायी घर न मिळाल्यास दरमहा १५,००० रुपये भाडे देण्याचा आदेश दिला.

खानदेश

भडगाव तालुक्यासह जळगाव-धुळे परिसर कापसाचा आहे. वेचणीनंतर उरलेल्या पऱ्हाट्या चुलीत जाळल्या जातात. त्यांच्या धुराचा त्रास मुख्यतः स्वयंपाक करणाऱ्या स्त्रिया आणि त्यांच्याजवळ असणारी लहान मुले यांना होतो. २०१६ मध्ये सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेने गरीब कुटुंबांना गॅसजोडणी दिली. मात्र सिलिंडर पुन्हा भरण्याचा खर्च न झेपल्यास चूल सुटत नाही. वीटभट्ट्यांवर काम करणारी भिल्ल व अन्य भूमिहीन कुटुंबे हंगामभर भट्टीलगतच झोपड्या बांधून राहतात. त्यामुळे काम संपल्यावरही धूर व राख यांपासून त्यांची सुटका होत नाही.

२०१९ च्या राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रमात जळगाव शहराचा समावेश आहे. हा कार्यक्रम शहरनिहाय असल्याने शहराबाहेरील भट्ट्यांवरची कुटुंबे आणि गावातील चुलींसमोर बसणाऱ्या स्त्रिया त्याच्या कक्षेबाहेर राहतात.