कुंडीतली शेवंती : कोणता रंग घेऊ?

दिवाळी आटोपली, फराळाचे डबे रिकामे झाले की अंगण एकदम सुनं वाटायला लागतं. तेरडा कधीच संपलेला, झेंडू तोरणाला गेलेला. अशा वेळी दारात रंग आणते ती शेवंती. पुढे मार्गशीर्षातले गुरुवार असतात, येळवस असते. त्या दिवसांत फुलांचा भाव विचारायचीही सोय नसते. दारात दोन-चार कुंड्या असल्या की देवीला घरची फुलं होतात.

पण रोपवाटिकेत गेलं की गोंधळ उडतो. म्हणून माझा अनुभव सांगते. आपली जुनी ओळखीची शेवंती म्हणजे पिवळी रेवडी, पांढरी रेवडी, झिप्री, राजा. ही मूळची शेतातली, हार-वेणीची. कुंडीत उंच होते, काडीचा आधार मागते. पण फुलं भरपूर देते. दुसरी ती बुटकी, गच्च गोल फुलणारी. लखनौच्या राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्थेने तर शेंडा न खुडता, आधार न देता भरणाऱ्या छोट्या फुलांच्या जाती खास कुंडीसाठी काढल्या आहेत. मात्र एक लक्षात ठेवा, विकायच्या काही कुंड्या औषध देऊन बुटक्या ठेवलेल्या असतात. पुढच्या वर्षी तेच रोप उंच वाढलं तर घाबरू नका, औषधाचा असर संपलेला असतो.

घेताना पूर्ण फुललेली कुंडी उचलायचा मोह होतो. तसं करू नका. थोडी फुलं उमललेली आणि बाकी कळ्यांना रंग दिसू लागलेला, अशी घ्या. म्हणजे रंग जास्त दिवस टिकतो. पानं उलटून मावा नाही ना, तेही बघा. आपली काळी माती पाणी धरून ठेवते, त्यात शेवंतीची मुळं कुजतात. म्हणून मातीत वाळू आणि चांगलं कुजलेलं शेणखत मिसळा, कुंडीच्या तळाचं भोक मोकळं ठेवा.

आता माझी फजिती ऐका. एका वर्षी ओट्यावरची कुंडी हिरवीगार, पण कळीचा पत्ता नाही. मागच्या अंगणातली, त्याच रोपाची बहीण, फुलांनी वाकलेली! खत बदललं, पाणी बदललं, काही उपयोग नाही. मग कळलं, ओट्यावरचा दिवा रात्रभर चालू असायचा. शेवंतीला कळी धरायला लांबलचक अंधारी रात्र लागते, आणि दिव्याच्या उजेडात तिला रात्र झाल्याचं कळतच नाही. कुंडी अंधारात हलवली, तेव्हा कुठे उशिरा का होईना, कळ्या आल्या.

बहर संपला की झाड फेकू नका. वाळलेले दांडे छाटा. जानेवारी-फेब्रुवारीत बुंध्याशी कोवळे फुटवे येतात, ते मुळांसकट वेगळे करून लावा. आपल्याकडे खरी परीक्षा एप्रिल-मेची. कुंड्या निंबाच्या सावलीत ओढायच्या आणि भाज्या-तांदूळ धुतलेलं पाणी त्यांना घालायचं. पावसाळ्यात शेंडे खुडत राहा, झाड डेरेदार होतं. ऑगस्ट संपला की मात्र खुडणं बंद.

आमच्या बचत गटात मी दर पावसाळ्यात शेवंतीच्या काड्या वाटते. 2022 च्या मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. बातमी मी गटात मोठ्याने वाचून दाखवली. सगळ्या म्हणाल्या, "लई चांगलं झालं." त्याच जुलैत काड्या वाटताना पिवळीसाठी आणि मरूनसाठी नुसती ओढाओढ चालली होती. एक पस्तिशीची सून मागे उभी होती. नवरा जाऊन तिला दोन वर्षं झाली होती. ती हळूच म्हणाली, "काकू, मला पांढरीच द्या."

मी देऊन टाकली. कुणी काही बोललं नाही, मीही नाही. घरी आल्यावर मात्र ते मनाला लागून राहिलं. बातमी वाचणारी मीच, आणि तिला साधं "दुसरी बघ की" एवढंही म्हणाले नव्हते.

पुढच्या संक्रांतीला मी हळदी-कुंकू ठेवलंच नाही. सगळ्यांना तिळगुळाला बोलावलं आणि वाण म्हणून शेवंतीचे फुटवे दिले, प्रत्येकावर रंगाची चिठ्ठी बांधून. तिलाही निरोप धाडला. दोघी-तिघींनी तोंडं वाकडी केली, एक जण वाण न घेताच गेली. ती आली, बराच वेळ चिठ्ठ्या वाचत राहिली. मग म्हणाली, "काकू, ह्यातली मरून मी नेऊ का?"

"ने की, विचारतेस काय?" मी म्हटलं.

त्या मार्गशीर्षात तिच्या दारावरून गेले तर पांढरीशेजारी मरून फुललेली. मुलीच्या वेणीत एक फूल होतं. तिने स्वतः अजून माळलेलं नाही. माळायचं की नाही, ते तिचं ती ठरवेल.

तुम्ही यंदा फुटवे वाटाल, तेव्हा मागे उभ्या असलेलीला आधी विचारा, "तुला कोणता रंग हवा गं?"