पाण्याखालचे शिक्षण व मातृभाषा

बीड जिल्ह्यास समुद्र नाही; तथापि विहिरीत बुडी मारणारी मुले गावोगावी आहेत. बुडी मारताना श्वास रोखावा, हे त्यांना शिकवावे लागत नाही. मालवण-तारकर्ली किनाऱ्यावरील मच्छीमारांच्या मुलांचीही सवय हीच. परंतु तेथील तरुण स्कूबा पद्धतीने, म्हणजे पाठीवरील टाकीतील हवेवर श्वास घेत, पाण्यात उतरण्याचे शिक्षण घेऊ लागतात, तेव्हा ही सवय प्रथम मोडावी लागते. महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाने अशा प्रशिक्षणासाठी तारकर्ली येथे संस्था उभारली आहे.

समुद्रात 10 मीटर खोलीवर दाब पृष्ठभागावरील दाबाच्या दुप्पट असतो. तेथे टाकीतून घेतलेली हवा छातीत रोखून माणूस वर आला, तर ती प्रसरण पावून फुप्फुसास इजा करते. प्रसंगी प्राणही जातो. म्हणून श्वास कधीही रोखू नये व वर सावकाश यावे, असा नियम आहे.

परभाषेत घोकलेला नियम घाबरलेल्या क्षणी आठवत नाही. जुनी सवयच उसळून येते. शिवाय पाण्याखाली बोलता येत नाही. तेथे उभा अंगठा म्हणजे ‘छान’ नव्हे, तर ‘वर चला’. यास्तव प्रत्येक शंका काठावरच, स्वभाषेत फिटली पाहिजे.

शिक्षकांनी डब्यास एकाखाली एक तीन छिद्रे पाडून त्यात पाणी भरावे. सर्वांत खालची धार अधिक जोराने का निघते, हे मुलांस स्वतःच्या शब्दांत सांगू द्यावे. व्याख्या त्यानंतर द्यावी.