कोठार वाईचं, वर्तुळ ग्रीकांचं

वाईला येणारा माणूस बहुधा ढोल्या गणपतीचं दर्शन घेतो, कृष्णेचा घाट पाहतो आणि पाचगणीच्या वाटेला लागतो. याच गावातल्या गंगापुरीत मराठी विश्वकोशाचं कार्यालय आहे, हे फार थोड्यांच्या ध्यानात असतं.

'विश्वकोश' या शब्दातला 'कोश' म्हणजे साठवण: खजिना, म्यान, रेशमाच्या किड्याचं घर. अमरकोशामुळे तो शब्दांच्या साठ्याला चिकटला, पुढे ज्ञानाच्या साठ्यालाही. इंग्रजीतल्या 'एन्सायक्लोपीडिया'चं कूळ मात्र निराळं. ग्रीक भाषेत 'एन्किक्लिओस पायदेइया' असे दोन शब्द होते. मुलाला सगळ्या विद्यांच्या वर्तुळातून फिरवून आणणारं सर्वांगीण शिक्षण, असा त्यांचा भाव. पुढे हस्तलिखितांच्या नकला करताना कुणीतरी हे दोन शब्द जोडून लिहिले, आणि त्या चुकीतून नवा शब्द जन्मला. सोळाव्या शतकात तो पुस्तकांच्या नावात आला. 1751पासून दिदरोच्या फ्रेंच कोशाने तो जगभर नेला.

मराठीत आधी रुळला तो 'ज्ञानकोश'. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी सरकारी आधाराशिवाय, वर्गणीदार आणि भागधारक गोळा करत 1920च्या दशकात 23 खंड काढले. 'ज्ञानकोशकार' ही पदवी त्यांच्या नावाला कायमची जडली. 'विश्वकोश' हे नाव बंगालीत त्याच्याही आधी नगेंद्रनाथ बसूंच्या 22 खंडांमुळे परिचित झालं होतं.

मराठी विश्वकोशामागची राजकीय इच्छाशक्ती यशवंतराव चव्हाणांची. त्यांचा जन्म देवराष्ट्र्याचा. तेव्हा हे गाव सातारा जिल्ह्यात होतं, आज सांगलीत आहे. महाराष्ट्र राज्य झालं त्याच वर्षी, 1960 साली, साहित्य संस्कृती मंडळ स्थापन झालं आणि अध्यक्षपद आलं तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींकडे. विश्वकोशाचं काम याच मंडळाने हाती घेतलं. 1980मध्ये त्यासाठी स्वतंत्र मंडळ झालं.

एवढं काम मुंबई-पुणं सोडून वाईला कसं? कारण तर्कतीर्थ वाईचे झाले होते. धुळे जिल्ह्यातल्या पिंपळनेरचा हा मुलगा नारायणशास्त्री मराठे, म्हणजेच पुढचे केवलानंद सरस्वती, यांच्या प्राज्ञपाठशाळेत शिकला. मीमांसाकोश आणि धर्मकोश याच परंपरेत घडले. पुढच्या काळात मानवेंद्रनाथ रॉय यांच्या विचारांकडे ओढले गेलेले हे शास्त्रीबुवा मार्क्सवरही तितक्याच सहजतेने बोलत. वाईला कोशाची सवय होती. नवीन होता तो विषयांचा पसारा.

खरी अडचण भाषेची होती. सेमिकंडक्टरवर मराठीत लिहायचं, तर आधी 'अर्धसंवाहक' हा शब्द ठरायला हवा. म्हणून पहिला खंड 1976 साली निघण्याआधीच, 1973मध्ये, परिभाषासंग्रह छापला गेला. काही प्रतिशब्द जड वाटतात, ही तक्रार खोटी नाही. पण 'प्रकाशसंश्लेषण' आज शाळेतली मुलं बिनदिक्कत वापरतात.

खंड उघडला की रचना लगेच कळते. व्यक्ती आडनावाने लावलेल्या, नोंदीच्या शेवटी संदर्भ आणि लेखकाचं नाव. मधेच एखाद्या शब्दाआधी बारीकसा बाण दिसतो: या विषयाची वेगळी नोंद आहे, तिकडे जा. कोठारात वर्तुळ शिरतं ते या बाणांमुळे. एका नोंदीवरून दुसरीकडे, तिथून तिसरीकडे जाताना वाचक मूळ काय शोधत होता ते विसरतो. ही खोड इंटरनेटने लावली असं म्हणणाऱ्यांनी विश्वकोशाचा एखादा खंड चाळून पाहावा.

अकारविल्हे क्रमाचा एक गमतीचा जाच मात्र झाला. 'अ'च्या वाचकांना 1976मध्येच खंड मिळाला. सांगली आणि सातारा पडले 'स'मध्ये. तर्कतीर्थ 1994 साली गेले, पुढे मे. पुं. रेगे, रा. ग. जाधव यांच्यासारख्या संपादकांनी काम चालू ठेवलं आणि विसावा खंड पुरा व्हायला 2015 उजाडलं. ज्या सातारा जिल्ह्यातल्या वाईत विश्वकोश घडत होता, त्या जिल्ह्याला स्वतःची नोंद छापील खंडात पाहायला काही दशकं थांबावं लागलं. आता हे खंड इंटरनेटवर मोफत वाचता येतात, आणि नव्या नोंदींची भर घालण्याचं काम विषयवार ज्ञानमंडळांकडे आहे.