जुन्या घरांतील स्वयंपाकघर

सुगी आटोपली कीं देशावरील पुष्कळ शेतकरी बंधु जुन्या माळवदी घराचें स्वयंपाकघर घरच्याच माणसांकडून नवें करूं लागतात. आमची विनंती अशी कीं, पहार हातीं घेण्यापूर्वीं वर पाहावें. माळवदाच्या मातीचें सारें ओझें तुळयांवर असतें, आणि तुळयांचीं टोकें भिंतींत शिरतात तेथें वाळवी व कूज बहुधा प्रथम लागते. तीं दाभणानें टोंचून पाहावीं. लांकूड मऊ लागल्यास टेंकू दिल्यावांचून खिडकीकरितां भिंत फोडूं नये; अशा कामांत माणसें दबतात.

दुसरी गोष्ट ओलीची. मातीची भिंत ओल शोषते व वाऱ्यानें सुकते. सिमेंटचा गिलावा दिसावयास टणक खरा, पण त्यामागें ओल कोंडून भिंत भुसभुशीत होते व गिलावा मातीसकट सुटतो. म्हणून प्रथम मोरीचें पाणी घरापासून दूर काढावें, भिंत सुकूं द्यावी, आणि मग चुन्याचा अगर मातीचाच गिलावा करावा. चुना पुरता विरलेला पाहिजे. कच्चे खडे मागाहून फुगून गिलावा उडवितात. विरवितांना तो उकळतो, तेव्हां मुलांस जवळ येऊं देऊं नये.

गॅस आला तरी पाणी तापविण्याची चूल अनेक घरीं आहेच. तिचें धुराडें माळवदाच्या वर काढावें व तुळईस लागूं देऊं नये.