पुस्तक मिटून केलेला अभ्यास

दिवा जंक्शनवरून वसईकडे आणि पनवेलकडे असे दोन फाटे फुटतात. त्यामुळे लोकलखेरीज मालगाड्या आणि कोकणात जाणाऱ्या गाड्याही इथूनच वळतात. रुळांच्या आजूबाजूला दाटीने उभ्या असलेल्या चाळी-इमारतींत एकाच खोलीत स्वयंपाक, टीव्ही, धाकट्याचं रडणं आणि दहावीचा अभ्यास चालतो. अशा घरातल्या मुलाला वेळ मोजका मिळतो आणि शांतता त्याहून कमी. तो वेळ चुकीच्या पद्धतीत जाऊ नये, असं मला मनापासून वाटतं. कारण अभ्यासाबद्दल घराघरांत ठामपणे सांगितलं जाणारं बरंच काही स्मृतीवरच्या संशोधनात टिकलेलं नाही.

सगळ्यांत घट्ट बसलेला समज म्हणजे धडा पुन्हा पुन्हा वाचला की लक्षात राहतो. अमेरिकेत सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी यांनी २००६ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग साधा होता. काही विद्यार्थ्यांनी एक उतारा चार सत्रांत वाचला. दुसऱ्या गटाने एकाच सत्रात वाचला आणि उरलेल्या तीन सत्रांत उतारा समोर न ठेवता आठवेल ते कोऱ्या कागदावर लिहिलं. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा वाचणारे पुढे होते: त्यांना ८३ टक्के मजकूर आठवला, लिहिणाऱ्यांना ७१ टक्के. आठवड्याने चित्र उलटलं. वाचणाऱ्यांकडे ४० टक्के उरलं होतं, लिहिणाऱ्यांकडे ६१ टक्के. आणि आपल्याला सगळं आठवेल अशी जास्त खात्री मात्र वाचणाऱ्यांनाच वाटत होती.

गोम इथेच आहे. तिसऱ्यांदा वाचताना ओळी ओळखीच्या वाटतात आणि ती ओळख म्हणजेच 'येतं' असं मुलाला वाटतं. पिवळ्या मार्करने रंगवलेलं पान किंवा गाईडमधलं तयार उत्तर डोळ्यांखालून घातलं की हाच भास होतो. परीक्षेत पुस्तक समोर नसतं. तिथे जे करायचं आहे, म्हणजे स्वतःच्या डोक्यातून उत्तर बाहेर काढणं, त्याचाच सराव घरी झालेला नसतो. आठवायला लागलेला जोर म्हणजे अभ्यास कच्चा असल्याची खूण, असं समजून मूल लगेच पुस्तक उघडतं. खरं तर त्या जोरानेच आठवण पक्की होते.

आपल्याकडे ही गोष्ट मुळीच नवी नाही. तिन्हीसांजेला 'शुभं करोति' झालं की घरातली मुलं ओळीने बसून परवचा म्हणत. पाढे, मग पावकी, निमकी, दिडकी. पाटी-पुस्तक हातात नाही, रोज तोच नेम. न बघता आठवणं आणि दिवसादिवसाचं अंतर ठेवून पुन्हा आठवणं, या दोन्ही गोष्टी त्यात आपसूक होत्या. म्हणून पाठांतर म्हणजे घोकंपट्टी आणि घोकंपट्टी म्हणजे टाकाऊ, हा अलीकडचा समजही मला पटत नाही. एका वेळी मनात धरून ठेवता येतात अशा गोष्टी फार थोड्या असतात. सात आठे छप्पन्न क्षणात येत असेल, तर मुलाचं सगळं लक्ष गणित कसं मांडायचं याकडे राहतं. परवच्याला एकच जोड द्यावी. पाढा ओळीनेच म्हटला तर 'सात आठे' विचारल्यावर मूल 'सात एके सात'पासून सुरुवात करतं. म्हणून मधूनच, उलटसुलट विचारावं. अर्थ न समजता पाठ केलेल्या उत्तराची गोष्ट वेगळी. प्रश्नाचे शब्द बदलले की ते कोसळतं.

अंतर ठेवण्याबद्दल जर्मनीच्या हेर्मान एबिंगहाउसने १८८५ सालीच लिहून ठेवलं आहे. त्याने अर्थहीन अक्षरसमूह स्वतः पाठ केले आणि तेच पाठांतर एका बैठकीत करण्यापेक्षा काही दिवसांत वाटून केलं तर मेहनत कमी लागते, हे दाखवलं. परीक्षेच्या आदल्या रात्रीचं जागरण दुसऱ्या दिवशी थोडंफार निभावून नेतं, पण महिन्याने त्यातलं फारसं हाती राहत नाही. शिवाय शिकलेलं पक्कं व्हायला झोपेची मदत होते, आणि जागरणात नेमकी तीच जाते.

आता आवाजाचा प्रश्न. 'रुळांजवळ राहतो, आम्हाला सवय झाली' हे दिव्यात सहज ऐकू येणारं वाक्य. कानाला सवय होतेही, पण शिकण्याला होतेच असं नाही. न्यूयॉर्कच्या मॅनहॅटनमध्ये पी. एस. ९८ या शाळेला लागून उन्नत रेल्वेमार्ग जातो. आर्लीन ब्रॉन्झाफ्ट आणि डेनिस मॅकार्थी यांनी १९७५ साली दाखवलं की रुळांकडच्या वर्गांतली मुलं इमारतीच्या शांत बाजूच्या मुलांपेक्षा वाचनात मागे होती. सहावीपर्यंत ही तफावत जवळपास एका वर्षाची झाली होती. पुढे रुळांखाली रबर घातलं, वर्गांच्या छतांना आवाज शोषणारे तक्ते लावले, आणि ब्रॉन्झाफ्ट यांच्या १९८१च्या पाहणीत ती तफावत दिसेनाशी झाली. तेव्हा रुळांजवळचं मूल वाचनात मागे पडत असेल, तर त्याला मठ्ठ म्हणण्याआधी खिडकीकडे पाहावं. अभ्यासिका ही अशा वस्तीत चैन नव्हे, पाण्याच्या नळाइतकीच गरजेची सोय आहे आणि ती हक्काने मागायला हवी.

तोवर घरात एक करता येतं. गाडी निघून जाते, पण मालिकेतले संवाद तासन्‌तास चालू राहतात, आणि अर्थ कळणारं बोलणं वाचनात फार व्यत्यय आणतं. तो टीव्ही बंद होऊ शकतो. रोज एकाच जागी बसलंच पाहिजे, हाही हट्ट नको. स्मिथ, ग्लेनबर्ग आणि बियॉर्क यांच्या १९७८च्या प्रयोगात दोन वेगळ्या खोल्यांत शब्द पाठ करणाऱ्यांना ते तिसऱ्या खोलीत जास्त आठवले. आज गच्ची, उद्या मावशीकडे, परवा देवळाचा ओटा असं चालेल.

गणिताबद्दल थोडक्यात. वर्गसमीकरणांचा सरावसंच सलग सोडवला की हात बसल्यासारखा वाटतो, कारण कोणती रीत वापरायची हे शीर्षकानेच सांगितलेलं असतं. रोहरर आणि टेलर यांच्या २००७च्या प्रयोगात एकेका प्रकारची गणितं सलग करणाऱ्यांची सरावातली ८९ टक्के बरोबर उत्तरं आठवड्याने २० टक्क्यांवर आली. प्रकार मिसळून सराव करणारे सरावात ६० टक्क्यांवर अडखळले, पण आठवड्याने ६३ टक्क्यांवर होते. तीन-चार धड्यांतली गणितं चिठ्ठ्यांवर लिहून डब्यात टाकली तरी काम भागतं.

बोटांच्या ठशांवरून मुलाची बुद्धी आणि शिकण्याची 'शैली' सांगणाऱ्या अहवालांवर पालकांनी एक रुपयाही घालवू नये. या चाचणीला वैज्ञानिक आधार नाही, असं इंडियन सायकिअॅट्रिक सोसायटीने सांगितलं आहे. मूल 'पाहून शिकणारं' की 'ऐकून शिकणारं' हे ठरवून तसं शिकवल्याने जास्त शिकतं, याचाही भक्कम पुरावा नाही, असा निष्कर्ष पॅशलर आणि सहकाऱ्यांनी २००८ साली काढला.

आणि ज्या समजाचं मला सर्वांत वाईट वाटतं तो आयांचा आहे: 'मी शिकले नाही, मी काय अभ्यास घेणार?' घेऊ शकता. पोळ्या लाटतालाटता म्हणा, 'पुस्तक मीट आणि आज विज्ञानात काय शिकवलं ते मला सांग.' तुम्हाला उत्तर यायची गरज नाही. मूल अडखळलं तर थोडं थांबा, मग त्यालाच पुस्तक उघडून चूक शोधू द्या. दोन दिवसांनी तेच पुन्हा विचारा, आणि चार दिवसांनी आणखी एकदा.